लोणच्याने पारखलेलं कपाट

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आक्कांना, गुडघ्यांमुळे खाली बसवेना आणि घरातलं भरीत बंद पडलं. गॅसवर भाजलेलं वांगं त्यांच्या लेखी वांगंच नव्हे. कपाशीच्या काड्यांचा जाळ हवा. म्हणून मी मागच्या अंगणात उभ्याने रांधायचा ओटा बांधून घेतला. राहिलं कपाट. अंगण केळीच्या बागेला लागून, ओल बारमाही. आधीच्या लोखंडी कपाटाचे पोपडे आक्कांच्या मिठात पडले होते.

"गंजना एक ठिपका दिसना ते मी तठे पाय ठेवाव नही," त्यांनी बजावलं. गंज दिसला की ओट्याकडे फिरकणार नाहीत.

दोंडाईच्याला त्यांच्या बहिणीकडे जाताना आम्ही धुळ्यात स्टीलच्या कपाटांच्या दुकानात शिरलो. मोबाइलवर बघून शहाणी झालेल्या मी पर्समधून लोहचुंबक काढलं. नमुन्याचे दोन तुकडे होते, एक स्वस्तातला, एक महागाचा. दोन्हींना ते चिकटेना. म्हणजे दोन्ही अस्सल, स्वस्तातलं घ्या, असा मी निकाल दिला. शेठजी खूश.

आक्कांनी मात्र बहिणीसाठी घेतलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली, दोन्ही तुकड्यांना खार फासला आणि वर ओलं फडकं टाकलं.

"आक्का, हे काय करताय?" शेठजी कळवळले.

"ऱ्हाऊ द्या भाऊ, दोन दिनमा येतस आम्ही."

परत आलो तर स्वस्तातल्या तुकड्यावर तांबूस ठिपके, महागाचा जसाच्या तसा. "आक्का, आमच्याकडे कामाला या," शेठजी म्हणाले. माझं चुंबक मुकाट पर्समध्ये गेलं. राग आला, पण कोणावर काढणार?

महागाचं कपाट बसलं. पावसाळा गेला तरी पत्र्यावर डाग नाही. आक्का पत्रा रोज पुसायच्या आणि पुसताना माझ्याकडे बघायच्या.

थंडीत पहिल्या भरिताला सगळं घर जमलं. वांगी भाजून झाली. मीठ काढायला आक्कांनी कपाटाचं एक दार ओढलं, ते हातातच आलं. बिजागऱ्या साध्या लोखंडाच्या, पार गंजलेल्या. त्यांना मी चुंबक लावलं नव्हतं आणि आक्कांनी लोणचं.

आता ओटा गेला, भरीतही गेलं. तरी मेलं हसू काही आवरेना.

आक्कांनी दार उलटसुलट करून पाहिलं. मग ते ओट्यावर आडवं ठेवलं, त्यावर मावली तेवढी गरम वांगी मांडली आणि सोलायला लागल्या.

"पत्रा चांगला शे," त्या मला म्हणाल्या. "वांगा बहू शेतस. दुसरं दार बी काढी ले."