करडईचं फूल, डाव्या हाताचं

गुरुशांतअण्णांना मी एका जागी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. त्यांची बायको शांतम्मा सांगते, लग्न लावणाऱ्या स्वामींनाही दोनदा म्हणावं लागलं होतं, 'अहो, जरा स्थिर बसा.' पायाला भिंगरी बांधलेला असा माणूस दिवसाचे सहा-सहा तास चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवायचा, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी थापा समजून सोडून दिलं असतं. पण ते कामही ते उभ्यानंच करायचे. त्यासाठी उंच टेबल करून घेतलं होतं.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात साखर पेठेत येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली. काम एकच, चादरीची नक्षी काढायची. कागदावरच्या रंगवलेल्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं ओळीनं ओवायची आणि त्यांची माळ मागावर चढवायची. माग त्या भोकांचं ऐकतो आणि चादरीत फूल उमटतं. अण्णांनी शंभरावर नक्ष्या केल्या, पण प्रत्येकीत फूल करडईचंच होतं. गुलाब नाही, कमळ नाही. मैंदर्गीच्या रानातली काटेरी करडई. त्या फुलाच्या चादरी मी टेंभुर्णीच्या ढाब्यावर पाहिल्यात, सांगोल्यात डाळिंबाच्या बागेतल्या राखणदाराच्या खाटेवर पाहिल्यात.

संध्याकाळी अण्णा गल्ल्यांतून हिंडायचे. मी मराठीचा निवृत्त मास्तर, घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून त्यांच्याबरोबर निघायचो. मागांच्या शेडच्या बाहेर उभं राहून ते कान द्यायचे आणि सांगायचे, "हितं करडई चालू हाय." माग एकसारखेच खडखडतात असं आपल्याला वाटतं. अण्णांना आवाजावरून नक्षी कळायची. ज्यानं विचारलं त्याला त्यांनी कार्डं करून दिली, मजुरी तेवढी घेतली. कुणी दुसऱ्याची कार्डं नेऊन त्यावरून स्वतःची पाडली तरी ते चिडायचे नाहीत. "फूल काय म्या एकट्यानं बघितलं व्हय?" एवढंच म्हणायचे.

आता मी माझ्या पापाकडे येतो.

मला माइकचं वेड आहे. गावात कुणाचाही सत्कार असो, सूत्रसंचालनाला मी. तीन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या एका मोठ्या कारखान्याचा वर्धापनदिन होता. नाव घेत नाही, घेतलं तर मलाच नोटीस यायची. त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारे नवे माग आणले होते आणि 'ज्येष्ठ नक्षीकार' म्हणून अण्णांचा सत्कार ठेवला होता. अण्णांनी आपले एकशे बारा नक्षीकागद पेटीत घालून आणावेत, म्हणजे प्रदर्शन मांडता येईल, असा निरोप आला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला. शांतम्मा ठेवणीतली इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

शाल झाली, श्रीफळ झालं, हार झाला. मग युवराज नावाचा तरुण मॅनेजर तबक घेऊन आला. तबकात एक फाइल होती, इंग्रजीतली, आठ-दहा पानांची. अण्णा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, काय लिवलंय वो ह्यात?" मी माइकवर हात ठेवला आणि त्यांना म्हणालो, "सत्काराची पोच असते अण्णा. करा सही, जेवणं खोळंबलीत."

मी ती फाइल वाचली नव्हती. एक ओळसुद्धा नाही. वर माइकवरून दणकून म्हणालो, "आता अण्णा आपला वारसा या कारखान्याच्या सुपूर्द करीत आहेत!" हे वाक्य मी घरूनच लिहून आणलं होतं. टाळ्या पडल्या. अण्णांनी फाइलवर सही केली आणि मान मिळतोय म्हणून खुशीत एकशे बारा कागदांच्या कोपऱ्यातही एकेक सही केली. शालीचा माणूस सही करताना प्रश्न विचारत नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. माझ्यासारखे लोक ती रीत माइकवरून पाळायला लावतात.

यंदा जानेवारीत वैजयंतीच्या घरी नोटीस आली. वैजयंतीचे चार माग आहेत. ती, तिचा नवरा आणि दोन कामगार. घरात तेलुगू बोलतात, पण भांडायचं झालं की वैजयंती मराठीत येते. त्या दिवशी ती कागद नाचवतच अण्णांच्या दारात आली. पंधरा दिवसांच्या आत करडईचं फूल विणणं बंद करा, नक्षी आमच्या मालकीची आहे, नाहीतर मागांवर कारवाई करू, असं त्यात होतं. खाली युवराजची सही होती.

"अण्णा, फूल तुमचं ना? मग मालक हे कुठले? माझी गिऱ्हाईकं करडईच मागतात. चार माग बंद करून मी काय करू?"

अण्णांनी नोटीस माझ्या हातात दिली. नोटिशीला त्या फाइलची प्रत जोडली होती. मी ती पहिल्यांदा तेव्हा वाचली. एकशे बारा नक्ष्या आणि त्यांचे सर्व हक्क कारखान्याला दिले आहेत, आणि नक्षीकार यापुढे त्या स्वतः वापरणार नाही व कुणाला वापरू देणार नाही, असं लिहिलं होतं. तळाशी अण्णांची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी. आपण सही केल्याचं माझ्या लक्षातही नव्हतं.

मी मराठीत अर्थ सांगितला. अण्णा चालता चालता थांबले आणि परत चालू लागले.

"म्हंजी माझंच फूल मी काडायचं न्हाय?"

"नाही."

"आनि मला आडवनारं पोर माज्या फुलाच्या चादरीखाली वाडलंय, व्हय की न्हाय?"

वैजयंती माझ्याकडे असं पाहत होती की माझ्या हातात आत्ता माइक असता तर तिनं तो माझ्या डोक्यात घातला असता. तिचं बरोबरच होतं.

वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, नक्षी सहीच्या आधीपासून बाजारात होती हे दाखवून भांडता येईल, पण त्याला वर्षं लागतील. पंधरा दिवसांत काही होणार नाही. नवी नक्षी काढा, ती तुमची. फक्त जुन्यासारखी दिसता कामा नये.

हे सोपं वाटलं. मी तर खूशच झालो. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी कागद ठोकला. पहिल्यांदा काढायला घेतली झेंडूची फुलं, पण पाकळ्या करडईच्या निघाल्या. मग मोर काढला, त्याचा तुरा करडईचा झाला. आठ दिवसांत नऊ कागद झाले आणि नऊही कागदांत तेच फूल येऊन बसलं. चाळीस वर्षं हात एकाच वळणानं फिरलेला, त्याला दुसरं वळण माहीतच नव्हतं. अण्णा कागद फाडायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, पुन्हा उभे राहायचे. जेवण सुटलं. संध्याकाळचं हिंडणं सुटलं, कारण शेडमधून करडईचा आवाज आला की ते कानांवर हात ठेवायचे. मी रोज जायचो. माझ्यानं घरी बसवत नव्हतं आणि तिथं बघवत नव्हतं.

अकराव्या दिवशी वैजयंती आली. तिनं नववा कागद उचलून पाहिला आणि खाली ठेवला. चार दिवस राहिले होते. अण्णांनी पेन्सिल भिंतीवर फेकून मारली.

"मी काय करू? ह्यो हातच ऐकंना!"

शांतम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय वो, हात बी त्यान्लाच लिवून दिलाय का?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग वाकून पेन्सिल उचलली.

"एकच दिलाय," ते म्हणाले. "दुसरा हाय की."

आणि त्यांनी पेन्सिल डाव्या हातात धरली.

रेघ थरथरत गेली. देठ वाकडा झाला. फूल सरळ उभं राहायचं सोडून एका अंगाला कलंडलं, पाकळ्या लहानमोठ्या झाल्या, एक पाकळी तर कागदाच्या कडेला जाऊन आपटली. उजवा हात मध्येच दुरुस्त करायला यायचा, तेव्हा अण्णा तो सदऱ्याच्या खिशात कोंबायचे. दुपारपर्यंत फूल पुरं झालं. रानात वारं सुटल्यावर करडई जशी आडवी पडते तसं ते दिसत होतं. वैजयंती म्हणाली, "हे जुन्यासारखं मुळीच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला हे जास्त आवडलं."

कार्डं पाडायला घेण्याआधी अण्णांनी मला बोलावलं. चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणायची पद्धत असते. ते तिथं बोट ठेवून म्हणाले, "मास्तर, हितं नाव नको. लिवा असं की कुणीबी विनावं, पन कुणी कुणाला आडवू नये. न्हायतर उद्या ह्ये फूल बी कुणीतरी तबकात घालून न्हील."

मला चांगलीच संधी वाटली. मी रात्रभर जागून चार ओळींचा मजकूर केला. त्यात 'समस्त', 'वारसा' आणि 'सुपूर्द' हे तिन्ही शब्द होते. अण्णांनी चौकटी मोजल्या.

"काठात एवडं मावत न्हाय. आनि त्यो 'सुपूर्द' पैला काडा."

मी जीभ चावली. शेवटी दोघांनी मिळून एक ओळ ठरवली. कुणीबी विणा, कुणाला अडवू नका. मी 'कुणीही' म्हणत होतो. अण्णा म्हणाले, वाचणारी माणसं 'बी' म्हणतात. मी गप्प बसलो. ते दिवस माझे गप्प बसायचेच होते.

वकिलाच्या सांगण्यावरून नक्षीच्या कागदावर काठातली ओळ कुणी काढू नये अशी अट लिहिली आणि अण्णांचं नाव व तारीख घातली, म्हणजे हे फूल आपण आधी काढलं असं दुसऱ्या कुणाला म्हणता येऊ नये. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करताना मी तो अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचला. शांतम्मा हसली. मला हसू आलं नाही.

पंधराव्या दिवशी वैजयंतीच्या चारही मागांवरून जुनी कार्डं उतरली. अण्णा शेडमध्ये आले नाहीत, रस्त्यावरच येरझाऱ्या घालत राहिले. आपलंच फूल मागावरून उतरताना पाहवत नाही म्हणाले. नवी कार्डं चढली, माग सुरू झाले. वैजयंतीनं बाहेर येऊन विचारलं, "अण्णा, उद्या त्या कारखान्यानंच हे विणायला घेतलं तर?"

"विनू दे की. काठासकट विनावं लागंल. मग कुनाला आडवतील?"

वैजयंतीचे माग चालू राहिले. पण अण्णांची तळमळ काही संपली नाही. जुनं फूल अजून कुलपातच आहे. एकशे बारा कागद त्या कारखान्यात आहेत आणि ते मागायला गेलेल्या अण्णांना फाटकावर वॉचमननं ओळखपत्र विचारलं. ते रोज गल्ल्या तुडवत होते, पण कुठल्याच शेडपाशी थांबत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "ऐकन्यासारकं काय हाय आता?"

परवा, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, आम्ही घोंगडे वस्तीकडून येत होतो. अण्णा माझ्या पुढं झपाझप चालत होते. एका अनोळखी शेडपाशी ते एकदम थांबले. मान कलती केली, कान दिला.

"मास्तर," ते म्हणाले, "डावा हात."

आम्ही दारातून डोकावलो. मागावरून चादर उतरत होती. कलंडलेलं फूल तेच, पण त्याच्या देठाला कुणीतरी एक काटेरी पान वाढवलं होतं. खाली काठात आमची ओळ होती. आतून एक तिशीतला विणकर घाम पुसत आला. दोन म्हातारे दारात उभे राहून त्याच्या मालाकडे टक लावून बघताहेत, हे त्यानं पाहिलं.

"काय आजोबा, डिझाइन बघायला आलाय व्हय?"

अण्णा चोरी पकडली गेल्यासारखे मागं सरले. "न्हाय, न्हाय. जाता जाता थांबलो."

"अवो, बघा की. लाजताय कशाला? पायजे तर उतरून न्ह्या."

"मी बी विनू का?" अण्णांनी विचारलं.

त्यानं चादरीचा काठ ओढून अण्णांच्या डोळ्यांपुढं धरला आणि लहान पोराला समजवावं तसं ओळीवर बोट फिरवत म्हणाला, "हितं लिवलंय बघा. कुणीबी. म्हंजी तुमी बी."

हे फूल ज्यांनी काढलं तेच हे, असं सांगायला मी तोंड उघडलं. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं, डाव्या हातानं. मग ते शेडच्या पायरीवर बसले. पाय पसरून, पाठ भिंतीला टेकवून, अगदी नीट बसले, आणि माग थांबेपर्यंत उठले नाहीत.