खोट्या गोदाबाईनं घेतलेलं नाव

तेल्हाऱ्यात आमच्या समोरच्या घरी गोदाबाई राहतात. चुलीवर मातीचं मडकं उपडं ठेवून त्यावर हातभर मांडे टाकणारी आमच्या गल्लीत ही एकच बाई. सून दामिनीनं त्यांचे व्हिडिओ काढले आणि ‘गोदाबाई खुशालराव यांचे मांडे’ हा चॅनेल पार अमरावतीपर्यंत पोचला. त्या सांगतील तो गहू बायका डोळे मिटून आणतात. या विश्वासाचा गोदाबाईंना फार अभिमान, आणि असावाच!

परवा मी ताक मागायला गेले, तर बार्शीटाकळीहून त्यांच्या नणंदेचा, सिंधूताईंचा फोन आला.

“वहिनी, तुमचं गुडघ्याचं तेल मागवून राहिली मी. पैसे भरू न?”

“कोणतं तेल ओ बाई? मी तं मांडे करते!”

सिंधूताईंनी व्हिडिओ पाठवला. आम्ही तिघी मोबाइलवर वाकलो. तेच ठसठशीत कुंकू, तीच हिरवी साडी, तोच खणखणीत आवाज, आणि हातात तेलाची बाटली! दामिनी गडबडली. “आई, ह्या तुमीच हाय न?” माझ्याही मनात पाल चुकचुकली. गोदाबाईंचा चेहरा पार उतरला. घरच्यांनाच खरं वाटलं, तर बाकीच्या बाया कशाला शंका घेतील?

तेवढ्यात मोबाइलमधली बाई म्हणाली, “माझे पती खुशालराव यांना या तेलाने फार आराम पडला.”

“थांब!” गोदाबाई ओरडल्या. “ही मी नाई! लगन झाल्यापासून उखाण्याशिवाय ह्यांचं नाव घेतलं का मी कधी?”

आम्ही टाळ्याच पिटल्या. मेल्या भामट्यांनी चेहरा चोरला, आवाज चोरला, चॅनेलवरून नावही उचललं. पण आमच्या गोदाबाई नवऱ्याला नुसतं ‘हे’ म्हणतात, हे असले हुबेहूब व्हिडिओ बनवणाऱ्या त्यांच्या यंत्राला कोण सांगणार!

आधी सिंधूताईंना थांबवलं. दामिनीनं सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली. गोदाबाई तर पदर खोचून चुलीपुढे बसल्या आणि थेट लाइव्ह!

“बायाहो, ते तेलवाली मी नाई. माहा चेहरा घेऊन कोणी काई विकताना दिसलं, तं पैसे भरू नोका. पयले मले फोन लावा. मी चुलीपाशीच असते!”

भराभर उत्तरं आली. “आम्ही ओळखलंच होतं,” असं सगळ्याच म्हणत होत्या. शहाण्या कुठल्या! मला मात्र आनंद आवरेना.

पुरावा म्हणून तो खोटा व्हिडिओ पुसायचा नव्हता. संध्याकाळी मी पुन्हा गेले, तर खुशालराव बाजेवर बसून तो पुन्हा पुन्हा लावत होते. तेवढंच एक वाक्य.

“काहून तेच ते ऐकून राहिले?” गोदाबाईंनी विचारलं.

“किती गोड नाव घेते व ही.”

गोदाबाईंनी मोबाइल हिसकावून घेतला. दामिनीकडे आणि माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“खुशालराव, मांडे थंडे होऊन राहिले. जेवाले चला.”