मंडीत मोठ्याने विचारलेला भाव

प्रवासवर्णन लिहावे इतका मी फिरलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि खानदेशाबाहेर गेलो तेही एकदाच. पाहिले ते नीट सांगता येईल की नाही, याची धास्ती वाटते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

धान्यावरचे सरकारी कंट्रोल (बांधलेला दर आणि रेशन) उठून वर्षही झाले नव्हते. आमचे अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "बाजार मोकळा झाला म्हणजे काय झाले, ते मंडीत उभे राहून पाहा." जयपूरला आमच्या गावचे दामूकाका सरकारी कचेरीत बदलून गेले होते. नाताळच्या सुटीत खांडव्याहून लहान रुळांची गाडी धरली.

जयपूरला उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. अंगात नुसता सदरा. काकांनी आपला जुना खाकी कोट माझ्या अंगावर चढवला. चारदीवारीतून (तटाच्या आतले शहर) टांगा चालला. गुलाबी भिंती, रंगाऱ्यांनी वाळत घातलेली ओली लुगडी, लाखेच्या बांगड्या तापवणारे कारागीर. पाहत होतो, पण कुठे काय बोलून चुकेन ही भीती सुटत नव्हती.

"लाजू नकोस रे भैया, घरच आहे," म्हणत कमलकाकूंनी बाजरीची भाकरी आणि कढी वाढली. त्यांच्याकडे भूरीबाई रोजंदारीवर दळायला-निवडायला येत असे. संध्याकाळी मजुरी हातात पडली की वाटेत शेरभर बाजरी घेऊन ती घरी जायची. घरी सासू आणि दोन मुली. साठवण काहीच नाही. मी कंट्रोलबद्दल विचारले तेव्हा ती हसली. "तेव्हा रांगेत दिवस मोडायचा," काकूंनी तिचे बोलणे मराठीत सांगितले, "आता कधीही जा, मिळतं."

दुसऱ्या दिवशी मंडीत गेलो. बाजरीच्या राशीपाशी दलाल आणि गिऱ्हाईक एका फडक्याखाली हात धरून बसले होते. भाव तोंडाने सांगायचा नाही, बोटे दाबून सांगायचा, अशी तिथली रीत. फडके दूर झाले तसा मी वही उघडून मोठ्याने विचारले, "क्या भाव हुआ?"

दलालाचा चेहरा उतरला. "कांई लिखो छो, साब?" (काय लिहिता, साहेब?)

"जानकारी के लिए," मी म्हणालो.

याहून वाईट उत्तर सुचले नसते. कोणीतरी राशीवर ताडपत्री ओढली. दुपारपर्यंत निम्म्या दुकानांना कुलपे लागली होती. का, ते मला अजून कळले नव्हते.

संध्याकाळी भूरीबाई रिकाम्या पदराने परत आली. "धान कोनी, बाईसा." (धान्य नाही, बाईसाहेब.) खाकी कोटातला इन्स्पेक्टर भाव लिहून गेला, कंट्रोल पुन्हा येणार, म्हणून दुकानदारांनी माल आत टाकला म्हणे. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी अंगावरच्या खाकी कोटाकडे पाहिले.

काकूंनी तिला पीठ दिले. सकाळी ती आली तेव्हा तिच्या वस्तीतल्या आणखी चार बायका मागे उभ्या होत्या. काकूंनी कोठीत डोकावून पाहिले, एकेक वाटी पीठ दिले आणि दार लावून घेतले. "हे असंच चाललं तर आपलं काय रे?" त्या हळूच म्हणाल्या.

मी कोट काढून ठेवला आणि कुडकुडत मंडीत गेलो. विद्यार्थी आहे, कोणी धाडलेले नाही, असे हात जोडून सांगितले.

"पढ़ने वाले को बाजरे के भाव से क्या काम?" एक जण म्हणाला.

"इन्स्पेक्टर भी पहले दिन यही बोलता है!" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

एका म्हाताऱ्या दलालाने मला बाजूला घेतले. "बेटा, तू खरं बोलत असशील," तो हिंदीत म्हणाला. "पण पुन्हा कंट्रोल आलं तर महाग घेतलेला माल सरकारी दराने द्यावा लागेल. मागच्या खेपेला मी त्यातच बुडालो. तू निघून जा. तुला बघून लोक जास्त घाबरतात."

त्याच्या पुढच्या दिवशी भूरीबाई आली नाही. जाऊन पाहिले तर तिच्या झोपडीला बाहेरून कडी होती. शेजारीण म्हणाली, सकाळीच निघाल्या, म्हातारीला हाताला धरून. कुठे ते सांगितलं नाही. थंडीत, उपाशी पोटी, दोन पोरींना घेऊन ती कोणत्या रस्त्याने गेली असेल, याखेरीज परतीच्या गाडीत मला काही सुचले नाही. खिडकीबाहेर हरभऱ्याची हिरवी शेते मैलोगणती जात होती.

कॉलेजात निबंध द्यायचा होता. 'बाजार मोकळा झाल्याने धान्य सहज मिळू लागले' असे लिहिले. ते खोटे नव्हते. भूरीबाईनेच सांगितले होते. तरी खोडले. काकूंना तीन पत्रे टाकली.

फाल्गुनात उत्तर आले. दुकाने पाचव्या दिवशी उघडली होती. बाजरी पूर्वीसारखीच मिळते, भावही उतरला आहे. भूरीबाई सासूला आणि मुलींना घेऊन परत आली; चौघीही धड आहेत. कामाला पुन्हा येते. फक्त मजुरीचे पैसे आता घेत नाही. रोजची बाजरी तेवढी पदरात घाला, म्हणते.