आजोबांसोबत आगगाडी बघायला

आमच्या आजोबांना नातवंडांची पलटण एकदम घेऊन फिरणं पसंत नव्हतं. एका खेपेला एकच पोर दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसवायचं आणि दिवसभर हिंडवून आणायचं, यात त्यांना खरा आनंद. माझी पाळी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला आगगाडी बघायची होती, म्हणून आम्ही शेगावला निघालो.

वाटेत त्यांनी तीन विहिरींचं पाणी चाखलं. स्टेशन समोर दिसत असताना कुणा अनोळखी माणसाची बैलजोडी त्यांना आवडली, आणि ते उतरून बैलांचे दात बघू लागले.

"आबा, चला ना! गाडी येऊन राह्यली!" मी ओरडले.

"अवं, गाडी कुठं पळून जाते?"

आम्ही फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती, मागे नुसता धूर होता. मी भोकाड पसरलं.

"काऊन रडून राह्यली वं? राहू आज इथंच. उद्या पाहू," आजोबा म्हणाले. एक दिवस वाढला म्हणून त्यांचा चेहरा उलट खुललाच. धर्मशाळेत त्यांनी मला पिठलं-भाकरी करून वाढली, सकाळी माझ्या वेण्याही वाकड्यातिकड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पण माझा राग गेला नव्हता. मी हट्टाने गाडीकडे पाठ करून उभी राहिले. फलाट हादरत होता आणि आजोबा ओरडत होते, "पाह्य वं, केवढाली चाकं!"

घरी भावंडांनी विचारलं, गाडी कशी होती? आजोबा रंगात येऊन सांगू लागले, आणि मलाही ते गुपचूप ऐकावं लागलं.