केबिनमध्ये मी नव्हतो

“थांबवा! अहो, स्टॉप! हाल्ट! बायको आहे माझी त्यात!”

ऑस्ट्रियात, इन्सब्रुकजवळच्या एका डोंगराच्या पायथ्याशी मी तीन भाषांत बोंबलत होतो आणि केबल कार निघाली होती. आत माझी बायको शैला, आमची सहा वर्षांची मीरा आणि एक म्हातारं जर्मन जोडपं. बाहेर मी, हातात पुरी-भाजीच्या डब्यांची पिशवी! ती बाहेरच्या बाकावर राहिली म्हणून मी टुणकन उतरलो... आणि मागे दार बंद.

अमानवीय वगैरे मी मानत नाही, मंडळी. पेशाने भूलतज्ज्ञ. रोज माणसं झोपवतो, उठवतो — अधेमधे कधी कोणी भेटलेलं नाही.

साल १९८८. लंडनच्या आमच्या पिनर उपनगरातून सुट्टीला गेलो होतो. गावातलं ते प्रसिद्ध सोन्याचं छप्पर पाहून झालं, नदीकाठ झाला, राहिला डोंगर. शैलाला उंचीची भयंकर भीती. घाबरली की तिचा श्वासच अडकतो. “मी हात धरून बसेन, सोडणार नाही,” असं कबूल केलं तेव्हा कुठे ती चढली होती.

आणि वारा सुटला. असा की तिथली एखादी गाय थेट इटलीत उतरली असेल! केबिन ऐन दरीवर थांबली आणि हेलकावे खाऊ लागली. ऑपरेटरने खांदे उडवले. “विंड. वेट.”

थिएटरमध्ये पेशंटचा श्वास अडकला तर मला शंभर गोष्टी करता येतात. इथे एकही नाही. तासभर त्या ठिपक्याकडे बघत उभा होतो. मधूनच हात हलवायचो — कुणाला दिसणार होता? ऑपरेटरलासुद्धा माझी दया येऊन त्याने कॉफी आणून दिली.

अखेर केबिन मागे आली. आधी तो म्हातारा उतरला. मला पाहून थबकला... वळून केबिनमध्ये पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि बायकोचं कोपर धरून जवळजवळ पळतच गेला.

मागून शैला. शांत! “चला, भूक लागलीय.”

मीरा म्हणाली, “बाबा, तुझी हात एवढी कोल्ड का होती?”

“कधी गं?”

“आत. तू मम्माची हात धरली ना, अँड माझी पण.”

मी शपथा घेतल्या, ऑपरेटरला साक्षीला उभं केलं. शैला फक्त हसली. मी तिखटमीठ लावतो हे अख्ख्या पिनरला माहीत आहे. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ही गत! त्या तासाचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

घरी परतल्यावर ती डबे घासत होती, तेव्हा शेवटचं विचारलं, “शैला, खरं सांग. तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?”

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“तुम्हीच. एक शब्द बोलला नाहीत. बरं वाटलं.”