माडीवरची उंदीरबाई

उंदीरबाई घरी आली की जिना चढण्याआधी अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची. औषधांच्या संशोधन संस्थेत दिवसभर उंदीर हाताळायची, म्हणून मीच तिला हे नाव ठेवलं. ती चिडली नाही. ‘काकू, उंदीर तुमच्यासारखे टोमणे मारत नाहीत,’ एवढंच म्हणाली.

ती पुण्याची. बंगळूरला मल्लेश्वरममधल्या आमच्या माडीवर भाड्याने राहायची आणि स्वयंपाक भिकार करायची, म्हणून रात्री आमच्याकडेच जेवायची. माझी शाळा चौथीपर्यंत, तरी तिचं काम तिने मला भाजी निवडता निवडता समजावलं. काही उंदरांना ब्लडप्रेशर आईबापांकडून येतं. पिल्लांची मूत्रपिंडं घडत असतानाच औषध दिलं, तर पुढे औषध बंद केलं तरी प्रेशर कमी राहतं.

‘म्हणजे कणीक भिजवतानाच मीठ बघायचं,’ मी म्हटलं.

‘सरी,’ ती म्हणाली. म्हणजे ‘बरोबर’; तिला कन्नड तेवढंच येत होतं.

आमच्याकडे प्रेशर सासऱ्यांपासून चालत आलेलं. यांना आहे, मुलीलाही लवकर लागलं. बापलेकीची गोळी एकच. दिवस गेल्याचं सांगायला मुलगी आली, तेव्हा मी तिच्या हातावर गोळ्या ठेवत म्हटलं, ‘आजपासून दोन घे. बाळाचं आतच सुधारून जाईल.’

उंदीरबाई जेवत होती. खरकट्या हाताने उठली आणि मुलीच्या हातातून गोळ्या काढून घेतल्या.

‘काकू, वेड लागलंय का? उंदराच्या पिल्लांची मूत्रपिंडं जन्मल्यावरही घडत राहतात. माणसाची आईच्या पोटातच पुरी होतात. ही गोळी बाळाची मूत्रपिंडं बिघडवते. एकसुद्धा नको! पण प्रेशरही वाढू द्यायचं नाही. आत्ता डॉक्टरकडे चला.’

‘स्वल्प जेवून तरी घे,’ हे म्हणाले. ती ऑटो आणायला गेलीसुद्धा.

डॉक्टरांनी गोळी बदलली. नात धडधाकट जन्मली.

‘हिला तरी प्रेशर होणार नाही ना?’ मी विचारलं.

‘माहीत नाही.’

‘बाळंतिणीसमोर जरा खोटं बोल की!’

‘मोजत राहायचं, काकू.’

पुढे तिला परगावी नोकरी लागली. जाताना ती रडली नाही, मीही नाही.

नात आता शाळेत जाते. वाढदिवसाला औक्षणाआधी आम्ही तिचं प्रेशर मोजून आणतो आणि उंदीरबाईला फोनवर कळवतो. ‘ठीक आहे,’ ती म्हणते. वर एक अक्षर नाही. त्या दोन शब्दांवर माझं वर्ष निघतं.