थंड इंजिनाचा पहिला आवाज

गाडीचा खरा आवाज दिवसातून एकदाच ऐकायला मिळतो. इंजिन रात्रभर गार पडलेलं असतं आणि सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला जातो, तेव्हा. तेल खाली उतरून घट्ट झालेलं असतं, लोखंड आकसलेलं असतं, आणि जिथं झीज झाली असेल ती जागा पाव मिनिट बोलते. मग इंजिन तापतं, फटी भरून येतात आणि सगळं गप्प होतं. ते पाव मिनिट हुकलं तर दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत थांबावं लागतं.

हे मला उस्तादांनी शिकवलं. वसमतला नांदेड रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. चार खांबांवर पत्रे आणि मधोमध गाडीखाली उतरायला एक खड्डा. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. उस्तादांकडं येऊन मला अकरा वर्षं झाली होती आणि आख्खं इंजिन एकट्यानं उतरवून परत बांधायला यायला लागलं होतं. पण आवाज ओळखणं हे काम उस्तादांचंच. कुणी थंडीत तक्रार घेऊन आलं की ते एकच सांगायचे, "आज नक्को. गाडी छोड के जाव. सुबह सुनता मैं."

सकाळी ते गळ्यातला मफलर सोडून कान मोकळे करायचे आणि सगळ्यांना गप्प करायचे. मी सेल्फ मारला की लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला. डोळे मिटलेले. "टॅपेट." "पट्टा ढिल्ला." "तीन नंबर का पिस्टन." पिस्टनचा संशय आला तर प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायला लावायचे आणि परत सुरू करायचे. आवाज गेला तर पिस्टनच. अकरा वर्षांत मी त्यांना दोनदा चुकलेलं पाहिलं असेल.

माझं त्यांच्याशी नातं नुसतं उस्ताद-शागिर्दाचं नव्हतं. मी गावाहून वसमतला आलो तेव्हा दोन गॅरेजवाल्यांनी आधी माझी वस्ती विचारली आणि मग काम नाही म्हणून सांगितलं. उस्तादांनी फक्त हात बघितले. पहिल्याच दुपारी स्वतःच्या माठातलं पाणी स्वतःच्या ग्लासात ओतून माझ्यासमोर धरलं. त्यांनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. मी मात्र विसरू शकलो नाही, आणि पुढं जे घडलं त्यात या न विसरण्याचाही वाटा होता.

त्या हिवाळ्यात उस्तादांत काहीतरी बदललं होतं. पेचकसाची मूठ ते कानाऐवजी दातात धरायला लागले. मला ती नवीन युक्ती वाटली. चाचीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डबा घेऊन आल्यावर मागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. ती बांगड्या वाजवायची, तरी नाही. जाडाभरडा आवाज त्यांना नीट ऐकू यायचा, ट्रकचा हॉर्न, घणाचा ठोका. बारीक आवाज जात चालले होते. चाळीस वर्षं पत्र्याखाली लोखंड बडवून कान असेच जातात आणि मूठ दातात धरली की आवाज हाडातून पोचतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त बघत होतो आणि बघितल्याचं स्वतःलाही सांगत नव्हतो.

जानेवारीत एक जीपवाला आला. वसमतपासून सात-आठ मैलांवरच्या गावचा, माझ्याच वयाचा शेतकरी. लिलावातली जुनी पेट्रोल जीप घेतली होती. शेतीची कामं करायचा आणि बाजाराच्या दिवशी माणसंही न्यायचा. "सकाळी चालू केली की आत कोनीतरी दार ठोकल्यावानी वाजतंय," तो म्हणाला. "गरम झाली की न्हाई."

उस्तादांनी नेहमीसारखी जीप ठेवून घेतली. तो एसटीनं गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं हजर झाला. थंडी अशी होती की पाना हातात धरवत नव्हता. मी सेल्फ मारला. दोन-तीनदा कण्हून इंजिन लागलं आणि लगेच तो ठोका सुरू झाला, टप टप टप, पोकळ. उस्तादांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

पण त्या ठोक्याच्या आड मला आणखी एक आवाज येत होता. फार बारीक. चिमणीचं पिल्लू घरट्यातून चिरकतं तसा, पुढच्या बाजूनं, पंख्यामागून.

"उस्ताद," मी म्हणालो, "पुढून एक बारीक आवाज येऊन राहिला. पंपाचा असंल."

उस्तादांनी पेचकस वॉटर पंपावर टेकवला, मूठ दातात धरली आणि डोळे मिटले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तो आवाज मला पेचकसाशिवाय, उघड्या कानानं ऐकू येत होता.

"कुछ नै," ते म्हणाले. "पट्टा है. ठंडी से अकड़ गया."

त्या क्षणी मला कळलं की त्यांना तो ऐकू आलाच नाही. चूक होणं वेगळं. इथं समोर वाजत असलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. तेवढ्यात इंजिन तापलं आणि पिल्लू गप्प झालं.

इंजिन बंद करून पंखा दोन बोटांनी धरून मागंपुढं हलवला असता, तरी उलगडा झाला असता. बेअरिंग झिजलं असेल तर पंखा डुगडुगतो. त्याला कानही लागत नाहीत. पण जीपवाला शेजारी उभा होता, आणखी दोन गिऱ्हाईकं बाकड्यावर चहा पीत होती. त्यांच्यासमोर उस्तादांच्या शब्दावर मी हात घालायचा? मी पंख्याला हात लावला नाही. पट्टा थोडा ताणला आणि बॉनेट खाली केलं.

"पिस्टन थोडा ढिल्ला है," उस्तादांनी जीपवाल्याला सांगितलं. "गरम होने दे, बाद में चला. गर्मी में खोलेंगे." तो निघून गेला. मी ठरवलं, पुढच्या वेळी आला की उस्ताद नसताना पंप बघून टाकू.

पुढची वेळ आली ती बारा-तेरा दिवसांनी. सकाळी नऊच्या सुमारास ती जीप गॅरेजसमोरून नांदेडकडं भरधाव गेली. मागं दोन बाया बसलेल्या दिसल्या. मला वाटलं कुणी आजारी असेल. अर्ध्या-पाऊण तासानं नांदेडकडून आलेल्या एका सायकलवाल्यानं निरोप आणला: पाच मैलांवर जीप बंद पडली आहे, आत भाजलेला माणूस आहे, मिस्त्रीला लवकर पाठवा.

आमच्याकडं दुरुस्तीला आलेला एक रिकामा ट्रक त्याच सकाळी तयार झाला होता. त्याच्या ड्रायव्हरला मी चहावरून उठवलं, हत्याराची पेटी आत टाकली आणि निघालो. उस्ताद "मैं भी आता" म्हणत उठले, पण मी त्यांच्यासाठी थांबलो नाही.

जीप रस्त्याच्या कडेला उभी होती. बॉनेट उघडं, खाली पाण्याचा ओघळ. हत्यारं काढायची गरजच नव्हती. पंपाचं बेअरिंग जाम होऊन दांडा तुटला होता आणि पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसला होता. जीपवाला रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होता. एक एसटी भरलेली होती म्हणून थांबली नव्हती, कापसाच्या दोन गाड्याही तशाच गेल्या होत्या.

मागं त्याचा धाकटा भाऊ होता, पंचविशीतला. त्यांच्या रानात हळद शिजवायचं काम चालू होतं. उजाडताना काहिलीच्या, त्या मोठ्या कढईच्या, कडेवर उभा राहून तो शिजलेली हळद उपसत होता, पाय घसरला आणि कमरेइतका उकळत्या पाण्यात गेला. वसमतच्या दवाखान्यात सुई देऊन डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं होतं. अंगाखाली केळीची पानं होती. वर टाकलेलं धोतर हळदीनं पिवळं झालं होतं आणि त्या सगळ्याला शिजलेल्या हळदीचा वास येत होता. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बायको पायाशी होती. पायाला हात लावता येत नव्हता म्हणून तिनं हात नुसते अधांतरी धरले होते.

तो शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "मिस्त्री, दुरुस्त होते का?"

"ट्रक आणलाय," मी म्हणालो. "त्यात नेऊ."

"लई थंडी वाजून राहिली," तो म्हणाला.

मी, ट्रकचा ड्रायव्हर, जीपवाला आणि त्याच्या भावाची बायको, आम्ही चौघांनी त्याला पानांसकट उचलून ट्रकमध्ये ठेवलं. उचलताना तो ओरडला नाही. त्याच्या आईनं तेवढं म्हटलं, "हळू रे लेकरांनो." मी अंगातला स्वेटर काढून त्याच्या छातीवर टाकला आणि नांदेडच्या इस्पितळापर्यंत शेजारी बसून राहिलो. वाटेत त्यानं दोनदा पाणी मागितलं आणि एकदा विचारलं की काहिलीखालचा जाळ कुणी विझवला का.

तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी भावाला सांगितलं की कमरेखाली सगळंच भाजलं होतं. तासभर आधी आणला असता तरी वाचला असता असं म्हणता येणार नाही. वाचला नसता, असंही त्यांनी म्हटलं नाही.

जीप ओढून आणून गॅरेजसमोर लावली होती. उस्तादांनी तुटलेला पंप स्वतः उतरवला, दांडा बोटांत फिरवला आणि बेअरिंगचा जळून काळा झालेला चुरा तळहातावर घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेरे कू सुनाई दिया था."

"व्हय."

"फिर बोल्या कायकू नै?"

"बोललो होतो उस्ताद."

"एक बार बोल्या," ते म्हणाले. "एकच बार."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्यानंतर उस्ताद त्या गावाला गेले. मी बरोबर होतो. ओसरीवर जीपवाला बसला होता, डोकं भादरलेलं. त्याची आई आत भिंतीला टेकून होती. उस्ताद खाली जमिनीवर बसले आणि मराठीत बोलले, एरवी ते मराठी फार कमी बोलायचे. "मला ऐकू येत न्हाई. सहा महिने झाले. मी कोनाला सांगितलं न्हाई. तुझ्या गाडीचा पंप बोलून राहिला होता, मला ऐकू आला न्हाई. गुन्हा माझा हाय."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी त्यांच्या मागं उभा होतो. तोंड उघडायची ती वेळ होती आणि मी उघडलं नाही.

आतून जीपवाल्याची आई म्हणाली, "म्हाताऱ्याला चहा दे रे." बस, एवढंच. चहा आला, उस्तादांनी तो संपवला आणि आम्ही उठलो.

त्यानंतर उस्तादांनी गाडीला हात लावला नाही. गॅरेज माझ्यावर सोपवलं. वर्षभर रोज येऊन बाकड्यावर बसायचे. सकाळी कुणी सेल्फ मारला की उठून पलीकडच्या टपरीवर जायचे. मग लेकीकडं नांदेडला गेले आणि दोन वर्षांनी तिथंच वारले. मातीला मी गेलो होतो.

मी पंखा हलवून बघायला मात्र शिकलो. गाडी कसल्याही कामाला येवो, आधी बॉनेट उघडून पंखा धरतो. माझ्या हाताखालच्या माणसांनाही सांगून ठेवलं, शंका आली तर गिऱ्हाईकासमोर बोलायचं, दहा वेळा बोलायचं. त्यातला एक जण मला चारचौघांत चुकीचा ठरवायला लागला. मला राग यायचा, पण मी तो गिळत गेलो.

उस्ताद वारल्यानंतरच्या हिवाळ्यात जीपवाला आला. जीप त्यानं विकली होती. आता कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा सुटा भाग घेऊन आला होता. काम झाल्यावर मी त्याला थांबवलं. म्हटलं, "भाऊ, उस्तादांनी त्या दिवशी अर्धंच सांगितलं. मला आवाज ऐकू आला होता. मी पंप उघडायला पायजे होता."

तो सुटा भाग गोणपाटात गुंडाळत होता. हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी तिथंच हुबा होतो की. तू म्हनलास पंपाचा असंल, ते मी ऐकलं. मनात म्हनलं, आता ह्यांनी पंप उघडला तर दिवस मोडंल, रानात हळद काढायला मानसं लागलेली. म्हातारा कुछ नै म्हनला, मला बरं वाटलं."

मग गोणपाटाला सुतळी बांधता बांधता म्हणाला, "आईला न्हाई सांगितलं मी. तूबी कधी बोलू नको."

मी मान हलवली. तो गोणपाट खांद्यावर टाकून स्टँडच्या दिशेनं गेला. त्यानंतर त्याच्या गावची बरीच माणसं माझ्याकडं गाड्या घेऊन आली, तो मात्र पुन्हा कधी आला नाही. वसमतच्या बाजारात एक-दोनदा समोरासमोर आलो, तेव्हा दोघांनीही नजर दुसरीकडं वळवली.